मदतीसाठी स्कूटरवारी : किलोमीटरच्या आधी हिशेब

“स्कूटरवर कुठे एवढं लांब जायचं? त्याला बुलेटच हवी.” बोईसरमध्ये कुणी मदतनिधीसाठी स्कूटरवरून लांब निघायचं म्हटलं की पहिलं वाक्य हेच कानावर येतं. इटलीचा जॉर्जो बेत्तिनेल्ली १९९२ मध्ये रोमहून व्हेस्पावर निघाला आणि व्हिएतनाममधल्या सायगावला पोचला. पुढे अलास्का ते दक्षिण अमेरिकेचं टोक हा प्रवासही त्याने स्कूटरवरच केला. आपल्याकडे बजाजने आधी पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली आणि १९७२ पासून चेतक. त्या चेतकवर नवरा, बायको, पुढे उभं पोर आणि मागे बांधलेली बॅग अशी घरंच्या घरं गावाला जाऊन आली.

तेव्हा इंजिनाची चिंता नको. सांभाळायची ती चाकं. दहा-बारा इंचांचं चाक खड्ड्यात बुलेटच्या चाकापेक्षा जास्त आत जातं. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आता काँक्रीटचा थर आहे. दोन पट्ट्यांच्या सांध्याला उंची कमी-जास्त असेल आणि तिरकं चाक त्या कडेवर चढलं, तर हँडल हातातून निसटल्यासारखं होतं. अशी कड ओलांडायची तर वेग कमी करून, शक्य तितकं आडवं ओलांडावं. शेजारून तारापूरचा टँकर जात असेल तर थांबलेलं बरं. जुन्या चेतकला स्टेपनी असायची, आजच्या बहुतेक स्कूटरना नाही, म्हणून ट्यूबलेस टायरचं पंक्चर किट आणि छोटा पंप डिकीत हवाच. जव्हारच्या घाटात आणखी एक सांभाळायचं: बिनगिअरच्या स्कूटरला उतारावर इंजिनाचा लगाम फारसा मिळत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. मध्ये थांबून ते निवू द्यावेत.

टोलबद्दलची अफवा अजून फिरते आहे. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकींना टोल नाही. २००८ च्या पथकर नियमांतच तशी सूट आहे, आणि जून २०२५ मध्ये “१५ जुलैपासून दुचाकींनाही टोल” अशी बातमी पसरली तेव्हा केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ती स्वतः खोडून काढली. खानिवडे आणि चारोटी नाक्यांवर पाकीट काढायची गरज नाही. मात्र टोल नाही म्हणजे सगळे रस्ते मोकळे, असंही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, निमित्त कितीही चांगलं असलं तरी! पुण्याला जुन्या महामार्गाने जावं लागतं. नाशिकला जायला चिल्हार फाटा, मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक हा रस्ता आहेच.

“समाजकार्याला निघालोय, पोलीस सोडतात” हा समज तर मनातून काढूनच टाकावा. मोटार वाहन कायद्याचं हेल्मेटसक्तीचं कलम १२९ चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. हेल्मेट आयएसआय खुणेचं हवं. विमाही तपासा. मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचं आहे, पण दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी असे उपयोग वगळलेले असतात. म्हणून पत्रकावर “कोण आधी पोचतो” असलं काही छापूच नये. स्कूटरवर तिरंगा फडकवत जाण्यातली भावना खरी असली, तरी ध्वजसंहितेनुसार वाहनावर राष्ट्रध्वज लावण्याचा अधिकार राष्ट्रपती, राज्यपाल अशा ठरावीक पदांनाच आहे. आपल्या कामाचा फलक लावावा.

आता पैसा. सगळ्यात जास्त नुकसान इथल्या गैरसमजांनी होतं. “माझ्याच नंबरवर टाका, मी पोचवतो.” सांगणारा माणूस शंभर टक्के सच्चा असू शकतो. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार नोंदणीकृत न्यास नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे असतील, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावं लागतं. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी जी परवानगी काढतात, ती याच कलमाखाली. चार मित्रांचा गट त्यातून सुटत नाही. सोपा आणि स्वच्छ मार्ग म्हणजे नोंदणीकृत संस्था आधी ठरवायची, तिच्याशी बोलायचं आणि लोकांना थेट तिच्याच खात्यात पैसे भरायला सांगायचं. मुंबई मॅरेथॉनमध्ये २००४ पासून धावपटू देणग्या मिळवतात. तिथेही पैसा धावणाऱ्याच्या खिशात न जाता युनायटेड वे मुंबईमार्फत संस्थांना पोचतो. पेट्रोल, जेवण, मुक्काम यांचा खर्च देणगीतून वळता करू नये, असं माझं ठाम मत आहे. तो आपल्या पगारातून करावा आणि तसं आधीच जाहीर सांगावं. लोकांचा हात मग सैल होतो.

“देणगी दिली की पूर्ण कर माफ” हेही खरं नाही. ८०जी नावाने ओळखली जाणारी सवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते. बहुतेक न्यासांच्या बाबतीत रकमेच्या निम्मी वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या मर्यादेत. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही. बोईसर स्टेशनबाहेर डबा घेऊन उभं राहणाऱ्याने हे आश्वासन देऊ नये.

“एमआयडीसीतले कारखाने सीएसआरमधून देतीलच” ही आशाही तपासून घ्यायला हवी. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सगळ्यांना लागत नाही. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी ओलांडलेल्या कंपन्यांनाच ते लागतं. तारापूरचे छोटे कारखाने त्यात येत नाहीत. शिवाय मॅरेथॉनसारखे एकदाचे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जात नाहीत, असं केंद्राने जून २०१४ च्या परिपत्रकातच म्हटलं आहे. म्हणून कंपनीकडे राइडसाठी पैसे मागू नयेत, संस्थेच्या चालू प्रकल्पासाठी मागावेत. त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी झालेली हवी.

वह्या-कपडे घेऊन जाण्याचा उत्साहही आवरता घ्यावा. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांची बालवाडी बिया, पानं, शिंपले अशा हाताशी असलेल्या वस्तूंवर उभी केली. काय हवंय ते आधी शाळेला विचारलेलं बरं. कदाचित बाईंचा पगार अडलेला असेल, किंवा पाण्याची मोटार जळलेली असेल.

परदेशातल्या नातेवाइकांना लिंक पाठवताना पासपोर्ट कुठला ते विचारून घ्यावं. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासी माणसाने बँकेतून पाठवलेले स्वतःचे पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. पण भाच्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर संस्थेकडे विदेशी देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी असल्याशिवाय त्याची मदत घेता येत नाही, आणि ती रक्कमही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या त्यासाठीच्या खात्यात आधी यावी लागते.