प्रकाशकण किती वाजता आला?

११ डिसेंबर २०२३ रोजी टेटर्स नावाच्या नारिंगी मांजराची पंधरा सेकंदांची चित्रफीत ३ कोटी १० लाख किलोमीटरवरच्या ‘सायकी’ यानातून लेसरने पृथ्वीवर आली. यायला १०१ सेकंद लागले. कौतुक मांजराचं झालं. ते व्हायला हवं होतं एका तारेचं.

यानातला लेसर अवघ्या चार वॅटचा, तोही अवरक्त. इतक्या लांबून कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या ५.१ मीटर व्यासाच्या दुर्बिणीत पडतात ते मोजके प्रकाशकण. शिवाय संदेश दडलेला असतो स्पंदाच्या वेळेत. पोस्टमनने पत्र न देता नुसती बेल वाजवावी आणि ती किती वाजता वाजली यावरून आपण मजकूर ओळखावा, तसा हा प्रकार. म्हणजे प्रकाश आला का, एवढं कळून भागत नाही. नेमका कधी आला हे कळायला हवं.

कॅमेऱ्यातलं सिलिकॉन इथे आंधळं ठरतं. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशकणाची ऊर्जा त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला पुरत नाही. अतिसंवाहकात मात्र इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात आणि ती जोडी फुटायला फार थोडी ऊर्जा लागते; असा एक कण शेकडो जोड्या फोडतो. म्हणून काही नॅनोमीटर जाडीची, केसापेक्षा शेकडो पटींनी अरुंद तार नागमोडी आखतात, उणे २७२ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करतात आणि तिला पेलवेल त्याच्या जेमतेम खाली वीजप्रवाह सोडतात. काठोकाठ भरलेली घागर एका थेंबाने सांडावी, तसं एका कणाने तिचं अतिसंवाहकपण तेवढ्या जागी मोडतं. शून्य असलेला रोध एकदम उसळतो, प्रवाह बाजूच्या वाटेने प्रवर्धकाकडे वळतो आणि ‘आला’ अशी नोंद होते.

ही युक्ती मॉस्कोच्या ग्रिगोरी गोल्ट्समन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवली. २०२० पर्यंत प्रयोगशाळेत या नोंदीतली अनिश्चितता तीन पिकोसेकंदांच्याही खाली आली. तेवढ्यात प्रकाश एक मिलिमीटरसुद्धा पुढे सरकत नाही!

एक खोड मात्र आहे. कण टिपल्यावर तार सावरेपर्यंत काही नॅनोसेकंद बहिरी होते आणि तेवढ्यात आलेला दुसरा कण निसटतो. म्हणून पालोमारला अशा ६४ तारा एकत्र बसवल्या. डिसेंबर २०२४ मध्ये यान सुमारे ४९ कोटी किलोमीटरवर असतानाही त्याचा लेसर इथे टिपला गेला.