मुक्त प्रवेश, संशोधनलेखांचा
संशोधनलेख कोणत्याही वाचकास विनामूल्य उपलब्ध करून देण्याची पद्धती. विद्वत्नियतकालिकांतील लेखांबद्दल संशोधकास सामान्यतः मोबदला मिळत नाही. उलट प्रकाशनकरारान्वये त्यास बहुधा स्वामित्वहक्कही प्रकाशकाकडे सोपवावा लागतो. परिणामी आपल्याच अध्यापकांचे लेख वाचण्यासाठी विद्यापीठांना वर्गणी भरावी लागते.

या स्थितीवर उपाय म्हणून हार्व्हर्ड विद्यापीठाच्या कला व विज्ञान विद्याशाखेतील अध्यापकांनी १२ फेब्रुवारी २००८ रोजी एकमताने ठराव केला. तदनुसार प्रत्येक अध्यापक आपल्या लेखांच्या वितरणाचा परवाना विद्यापीठास आगाऊ देतो. हा परवाना अनन्य नसल्याने स्वामित्वहक्क लेखकाकडेच राहतो. पुढे तो प्रकाशकाकडे गेला, तरी आधी दिलेला परवाना अबाधित राहतो, हे या धोरणाचे कायदेशीर अधिष्ठान होय. तज्ज्ञपरीक्षणानंतरची लेखकाची अंतिम प्रत विद्यापीठाच्या संग्रहात ठेवली जाते. लेखकाने मागितल्यास विशिष्ट लेखापुरती सूट मिळते. त्यामुळे नियतकालिक निवडण्याचे त्याचे स्वातंत्र्य टिकते.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २००९ मध्ये असेच धोरण स्वीकारले. एडिंबरो विद्यापीठाचे हक्करक्षणाचे धोरण जानेवारी २०२२ पासून अंमलात आले. तथापि केवळ परवान्याने लेख खुला होत नाही. लेखकाकडून प्रत संग्रहात आली, तरच तो वाचकांपर्यंत पोहोचतो.