पैसा, बाजार आणि आकडे : ऑनर्स पदवीचा अभ्यास

पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते आचार्य विनोबा भावे यांच्यामुळे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा तिथे जन्मले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, याच जिल्ह्यात रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावी चिंतामणराव देशमुख जन्मले. त्यांचे बालपण शेजारच्या रोह्यात गेले. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ते रायगड झाले १९८१ मध्ये. एकाने पायी हिंडून भूमिहीनांसाठी जमीन मागितली, दुसऱ्याने रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचा अर्थमंत्री म्हणून तिजोरी सांभाळली. दोघेही गेले १९८२ सालीच, दीड महिन्याच्या अंतराने.

ही दोन नावे मी सुरुवातीलाच घेतली त्याला कारण आहे. समजा, गागोद्याच्या एखाद्या मुलीने बारावी होऊन घरी सांगितले, "मला अर्थशास्त्र, वित्त आणि संख्याशास्त्र घेऊन ऑनर्स करायचंय," तर घरात काय होईल? आजी विचारील, "म्हणजे बँकेत लागणार का गं?" वडील विचारतील, "खर्च किती?" आणि गावातले गुरुजी, ज्यांच्याकडे सगळे सल्ल्याला जातात, ते क्षणभर गप्प बसतील. त्या गुरुजींसाठी आणि त्या वडिलांसाठी हे चार शब्द.

हे तीन विषय एकत्र का शिकवतात, ते आधी पाहू. भाताचेच उदाहरण घ्या. दिवाळीच्या सुमारास झोडणी झाली की सगळ्यांचा भात एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. तोच भात श्रावणात महाग होतो. हे का होते, साठवून ठेवणाऱ्याला काय मिळते, सरकारने हमीभाव दिला तर कोणाला लाभ होतो आणि कोणाला होत नाही, हा झाला अर्थशास्त्राचा प्रांत.

आता समजा, श्रावणापर्यंत थांबायला शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही. त्याने दहा हजार रुपये काढले, महिन्याला शेकडा तीन व्याजाने. तीन रुपये ऐकायला थोडे वाटतात. पण व्याज दरमहा मुद्दलात मिळवले तर वर्षाअखेर देणे होते सुमारे १४,२५८ रुपये, आणि दोन वर्षांत २०,३०० च्या वर. म्हणजे दोन वर्षांत दामदुप्पट! हा शब्द आपल्याकडे उगाच आलेला नाही. व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये असा जुना दंडक होता. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळायला सुरुवात केली, आणि त्यातून १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा आला. आजचा रुपया आणि दोन वर्षांनंतरचा रुपया सारखा नव्हे, हे कागदावर मांडून दाखवणारे शास्त्र म्हणजे वित्त. पेणच्या लोकांना याहून जवळचे उदाहरण आठवेल. २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. बँकेचा ताळेबंद छापला जातो खरा, पण तो वाचू शकणारी माणसे गावोगाव किती असतात?

तिसरा विषय संख्याशास्त्र. शाळेच्या पुस्तकात त्याला सांख्यिकी म्हणतात. दहावीच्या मुलांना मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवतात. ते नुसते गुणांसाठी नाही, हे एका हिशेबाने दाखवतो. पाच घरांची वाडी आहे. चार घरांवर प्रत्येकी वीस हजारांचे कर्ज, पाचव्यावर चार लाख वीस हजारांचे. सरासरी काढली तर येते एक लाख. पण एक लाख कर्ज असलेले घर त्या वाडीत एकही नाही! मध्यक काढला तर तो वीस हजार येतो, आणि तोच वाडीचे खरे चित्र देतो. गुरुजी, एवढे एक उदाहरण वर्गात फळ्यावर मांडून पाहा. मुले विसरणार नाहीत.

या शास्त्रात आपल्या मराठी माणसाने किती मोठे काम केले आहे, हे मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण ते थेट तुमच्या खाचरात झालेले काम आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. जन्म १९११ चा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आले, आणि लागले कुठे? शेतीच्या पिकांच्या अंदाजाच्या कामाला. त्या काळी गावाचे पीक किती आले हे नजरेने ठरवत. अमक्याने बारा आणे म्हटले, तमक्याने आठ आणे. सुखात्म्यांचे म्हणणे असे की चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणाच्याही मर्जीशिवाय, काही गावे निवडा, त्यांत काही शेते निवडा, शेतात ठरल्या मापाचा तुकडा आखा, तेवढाच कापा, झोडा, वाळवा आणि वजन करा. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. तुमच्या गावात तलाठी किंवा कृषी सहायक दोरी आणि खुंट्या घेऊन येतात ना, ते हेच.

पण तुकडा केवढा घ्यायचा? इथे एक मोठा वाद झाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी अगदी लहान तुकडे घेऊन पाहणी केली होती. लहान तुकडा पटकन कापून होतो, म्हणून पुष्कळ शेते पाहता येतात. सुखात्म्यांनी १९४६ च्या सुमारास प्रयोगांच्या आधाराने दाखवून दिले की लहान तुकड्यात उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येते. का बरे? तुम्हीच विचार करा. दोरी ज्या रोपावरून जाते ते रोप आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. आता एक मीटर बाजूचा चौरस घ्या : कड चार मीटर, क्षेत्र एक चौरस मीटर. दहा मीटर बाजूचा घ्या : कड चाळीस मीटर, क्षेत्र शंभर. म्हणजे मोठ्या तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कड एकदशांशच राहते, आणि कडेवरची चूकही त्याच मानाने घटते. महालनोबिसांचे उत्तर होते की माणसे नीट शिकवून तयार केली तर ही चूक टाळता येते. दोघेही मोठे शास्त्रज्ञ. वाद जोरात झाला, आणि सरकारी कामात मोठ्या तुकड्याची पद्धत रूढ झाली. माझे स्वतःचे मत विचाराल तर, ज्याने कधी भात कापला आहे त्याला सुखात्म्यांचा मुद्दा ऐकताक्षणी पटेल. पुढे १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने त्यांना रोमला बोलावून आकडेवारीच्या कामाची धुरा दिली.

हे सगळे कोणासाठी? गावाची पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर, यावर वर्षानुवर्षे टंचाईच्या सवलती ठरत आल्या. पीक विम्याची भरपाईही कापणी प्रयोगांवर अवलंबून राहिली. म्हणजे दोरीच्या कडेवरच्या त्या चार रोपांनी एखाद्या गावाचे वर्ष बरे किंवा वाईट ठरू शकते. ज्या गावात हा प्रयोग नीट झाला की नाही हे तपासू शकणारा एक जरी माणूस असेल, त्या गावाला आवाज असतो.

तिन्ही विषय एकाच कामात कसे लागतात, याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे १९५१-५२ ची अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी. रिझर्व्ह बँकेने ती करवली. ७५ जिल्हे निवडले, दर जिल्ह्यात आठ, अशी ६०० गावे, आणि घरोघर जाऊन विचारले : कर्ज कोणाकडून काढले? १९५४ साली अहवाल आला. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जात सहकारी संस्थांचे रुपये फक्त तीन, सरकारचेही तीनच, आणि सावकारांचे जवळजवळ सत्तर! पन्नास वर्षे सहकाराचा गाजावाजा चालला होता. आकड्याने एका ओळीत त्याची खरी लांबीरुंदी दाखवली. या समितीत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ होते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभारताना विठ्ठलराव विखे पाटलांच्या पाठीशी उभे राहिले ते हेच. अहवाल आला तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव, १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेलेले. अहवालाच्या शिफारशीवरून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, आणि तिने लहान गावांत शाखा उघडायला घेतल्या. तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी स्टेट बँकेची पाटी दिसली तर तिच्यामागे त्या सहाशे गावांच्या वह्या आहेत, हे लक्षात असू द्या.

पुढे १९७१ साली गोखले संस्थेतल्याच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी घरखर्चाच्या पाहणीवरून मांडले की १९६०-६१ मध्ये खेड्यांतली सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतली सुमारे पन्नास टक्के माणसे किमान गरजेइतकाही खर्च करू शकत नव्हती. दांडेकर मुळात संख्याशास्त्राचे विद्यार्थी. गरिबी मोजता येते, आणि मोजली की तिच्याबद्दल सरकारला जाब विचारता येतो, हे त्यांनी दाखवले.

आता कोणी चतुर श्रोता म्हणेल, "अहो, देशमुखांनी केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि रसायन शिकले होते, अर्थशास्त्र नव्हे!" खरे आहे. आणि विनोबा तर १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईकडे निघाले असताना सुरतेलाच उतरून काशीला गेले; त्यांना पदवीचे काय? पण देशमुखांनीच गव्हर्नर असताना १९४५ मध्ये रिझर्व्ह बँकेत संशोधन आणि आकडेवारीचा विभाग सुरू केला. तसल्या विभागांत शिरायला आज शिकलेलीच माणसे लागतात. आणि विनोबांच्या भूदानाचेही पाहा. मिळालेली जमीन चाळीस लाख एकरांच्या वर सांगतात. पण दान लिहून दिलेली किती, कसण्याजोगी किती, प्रत्यक्ष वाटली गेली किती, हे तीन आकडे वेगवेगळे आहेत, आणि तिसरा पहिल्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. भूदानाबद्दल आदर असणाऱ्यानेच हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

बरे, पदवीची रचना कशी? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षे पुरी करून बाहेर पडलात तर पदवी. चौथे वर्ष केलेत तर ऑनर्स. पहिल्या तीन वर्षांत पंचाहत्तर टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. सुरुवातीला बाजार आणि राष्ट्रीय उत्पन्न यांचे सिद्धान्त, जोडीला कलन आणि संभाव्यता. मग नमुना पाहणी, बँका आणि भांडवल बाजार, सार्वजनिक आयव्यय. आणि शेवटी अर्थमिती, म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या तर एकीमुळे दुसरी बदलली की निव्वळ योगायोग, हे तपासण्याचे तंत्र. संगणकावर काम पुष्कळ असते. वरच्या वर्गांची पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत; त्याची धास्ती पहिल्या सहा महिन्यांत जाते, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

खरी अडचण इंग्रजीची नाहीच, ती गणिताची आहे, आणि ती उभी राहते अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी. "अर्थशास्त्र म्हणजे कला शाखा, तिथे गणित कशाला?" असे म्हणून मूल गणित सोडते. दोन वर्षांनी कळते की दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्सला बारावीचे गणित लागते, आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा तर गणिताचीच असते. तोवर दार बंद झालेले असते. कला आणि वाणिज्य शाखेलाही गणित व संख्याशास्त्र घेता येते. मात्र पुष्कळ कनिष्ठ महाविद्यालयांत कला शाखेला ते शिकवण्याची सोयच नसते. म्हणून गुरुजी, दहावीचा निकाल लागल्यावर प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी हे विचारून घ्या. मुलीला गणितात पंचावन्न पडले म्हणून तिला त्यातून काढू नका. तिला हिशेबाची गोडी आहे का, घरचे दूध, रेशन, बचतगटाची वही ती सांभाळते का, ते पाहा.

नोकरीचे विचाराल तर, भारतीय सांख्यिकी सेवा आणि भारतीय आर्थिक सेवा या दोन्ही १९६१ पासून आहेत. पहिलीला संख्याशास्त्र विषय असलेली पदवी चालते, दुसरीला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. शिवाय रिझर्व्ह बँक, विमा कंपन्या, बँका आहेत. आणि आपल्या राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, ज्याची कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

हे संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध करते. रायगडचे मिळवा. त्यात पेण तालुक्याचे भाताचे क्षेत्र शोधा, मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा. मग कापणीच्या दिवसांत वर्गाला एखाद्या खाचराच्या बांधावर न्या. आधी एक मीटरचा आणि मग पाच मीटरचा चौरस दोरीने आखा, दोन्हींतला भात वेगळा वजन करा, आणि दर चौरस मीटरला किती आला ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. खाचराच्या मालकाला मात्र आधी विचारा, आणि भात त्याचा त्याला परत द्या.