उशिरा मिळालेला संघ

फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाने १९९४ साली मुलींचा सॉफ्टबॉल संघ उभा करायचं काम याच खेळातल्या जुन्या दिग्गज जोन जॉइस यांच्याकडे सोपवलं, तेव्हा त्यांनी चौपन्नावं वर्ष गाठलं होतं. संघ नवा कोरा होता, मैदानापासून सगळी सुरुवात करायची होती. पण ज्या खेळावर त्यांनी जीव टाकला, त्याच्याच मागे कॉलेजचं बळ उभं राहायला इतकी वर्षं जावी लागली, याची मला आजही हळहळ वाटते.

जोन यांचा जन्म १९४०चा, कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीचा. शाळकरी वयातच त्या ‘रेबेस्टॉस ब्रेकेट्स’मध्ये आल्या. ब्रेक लायनिंग बनवणाऱ्या कारखान्याचा हा सॉफ्टबॉल संघ. १९५८च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात संघाच्या मुख्य पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडू, बर्था टिकी जायबंदी झाल्या. जेमतेम अठरा वर्षांच्या जोन यांच्या हाती चेंडू आला आणि त्यांनी पुढे एकही हिट दिली नाही, म्हणजे चेंडू टोलवून कुणालाही बेस गाठू दिला नाही.

१९६१च्या ऑगस्टमध्ये टेड विल्यम्स वॉटरबरीत आले होते. कर्करोगग्रस्त मुलांच्या मदतनिधीसाठीच्या प्रदर्शनी सामन्यात त्यांच्यापुढे पिचर म्हणून जोन उभ्या होत्या. आदल्याच वर्षी निवृत्त झालेला, ५२१ होमरन ठोकलेला हा बेसबॉलचा अव्वल बॅटर. बेसबॉलमध्ये चेंडू ६० फूट ६ इंचांवरून आणि हात वरून फिरवून येतो. जोन चाळीसच फुटांवरून, हात कमरेखालून गोफणीसारखा सोडत. चेंडू येता येता वर उसळे किंवा खाली बुडे आणि तो ओळखायला डोळ्याला वेळच मिळत नसे. विल्यम्स यांची बॅट चेंडूला जेमतेम एक-दोनदा लागली. शेवटी वैतागून त्यांनी ती फेकून दिली, असं सांगतात. पुढे १९७८मध्ये बेसबॉलचेच दुसरे दिग्गज बॅटर हँक आरोन यांचीही जोन यांच्यापुढे तीच गत झाली.

जोन यांची सॉफ्टबॉलमधली कारकीर्द आकड्यांत सांगितली तर खोटी वाटावी अशी आहे: ७५३ विजय, ४२ पराभव, दीडशे सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही हिट नाही. १९७४मध्ये अमेरिकेने पहिलं विश्वविजेतेपद मिळवलं, त्या संघातही त्या होत्या. पण या खेळावर पोट भरत नव्हतं. टेनिसपटू बिली जीन किंग यांच्या साथीने त्यांनी १९७६मध्ये महिलांची व्यावसायिक सॉफ्टबॉल लीग उभी केली, तीही चार हंगामांत बंद पडली. तोवर जोन व्यावसायिक गोल्फकडे वळल्या होत्या. तिथे १९८२मध्ये एका फेरीत अवघ्या १७ पटचा (भोकाजवळच्या हलक्या फटक्यांचा) विक्रम त्यांच्या नावावर झाला, स्पर्धा मात्र एकही जिंकता आली नाही.

मुलींना शिक्षणसंस्थांत खेळाची समान संधी देणारा अमेरिकेतला कायदा १९७२चा, तेव्हा त्या बत्तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये आला १९९६ साली. फ्लोरिडा अटलांटिकमध्ये जोन यांच्या हाताखाली आलेल्या मुलींना संघ, प्रशिक्षक आणि पदवी हे सगळं एकाच छताखाली मिळालं. स्वतः जोन यांना मात्र यातला बराचसा भाग स्वतः जुळवावा लागला होता. प्रशिक्षक म्हणून त्यांचं हे खरं मोल, असं मला वाटतं. आपल्याला जे मिळालं नाही ते त्या दुसऱ्या पिढीला देत राहिल्या, तेही हात राखून नव्हे. मधल्या काळात विद्यापीठाच्या महिला गोल्फ संघाची जबाबदारीही त्यांनीच सांभाळली. सॉफ्टबॉल संघाला त्यांनी हजारावर सामने जिंकून दिले. २६ मार्च २०२२ रोजी वयाच्या ८१व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा हंगाम चालू होता आणि मुख्य प्रशिक्षक त्याच होत्या.