गुलाब्याचा पाय

2003 सालची गोष्ट. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबादच होतं. शहागंजात एक जण टोपलीत कोंबडीची रंगीत पिल्लं घेऊन बसला होता. हिरवी, जांभळी, गुलाबी. अंड्यांच्या जातीतले हे नर. हॅचरीला नको असतात, म्हणून रंगवून पोरांना भुलवायला बाजारात येतात. आमची धाकटी भुलली.

खोक्यात मी कागद अंथरला. दोन दिवसांत पिल्लाचे पाय दोन दिशांना फाकले. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "खाली काय घातलंय?" गुळगुळीत कागदावर कोवळे पाय घसरतात आणि तसेच राहतात. अंथरली होती ती रविवारची पुरवणीच. वाचकहो, हे आपल्यातच राहू द्या!

मग गोणपाट घातलं. मऊ पट्टीनं इंग्रजी आठाच्या आकारात दोन्ही पाय योग्य अंतरावर बांधले. ती रोज सोडायची, कातडी बघायची, पुन्हा बांधायची. पाण्याच्या वाटीत खडे टाकले, तोंडावर पडलं तर बुडू नये म्हणून. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे 35 अंश ऊब लागते. खोक्यावर बल्ब टांगला. वीज गेली की टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. माझ्या आईनं घरात कधी अंडंसुद्धा येऊ दिलं नव्हतं. ती रात्री दोनला उठून बाटली बदलायची. विचारलं की म्हणायची, "पाणी प्यायला उठले होते."

डावा पाय सरळ झाला. उजवा राहिला तो राहिलाच. पिसं आली तसा रंग गेला, नाव मात्र गुलाब्याच. आईची चाहूल लागली की हा लंगडत हजर.

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशात पहिल्यांदाच. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. नवापूर आमच्यापासून लांब, तरी गल्लीत कुजबुज सुरू झाली. लोकांचं चूक नव्हतं. घरोघरी लहान मुलं होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पक्षी धडधाकट आहे. पण बाहेर सोडू नका, दाण्यावर रानपाखरं येऊ देऊ नका, हात साबणानं धुवा. आईनं गॅलरीला जाळी ठोकून घेतली. पहाटे त्यानं गळा काढू नये म्हणून रात्री पिंजऱ्यावर जाड चादर टाकायची. तरी तो आरवायचाच.

दोन महिन्यांनी जाळी निघाली. तोवर आईचाही उजवा गुडघा धरला होता. दोघं अंगणात एकाच चालीनं निघाली, ती पुढे आणि तो मागे.