दुसरा हात

पंचावन्नाव्या वर्षी माणसाने नवीन कला शिकू नये, असे आमच्या घरातले एकमत आहे. त्याला कारण अण्णांची मासे धरायची काठी.

काठी फायबरग्लासची, सात फुटी. तरुणपणी रविवारी पहाटे अण्णा ती घेऊन पवईच्या तलावावर जात आणि बहुधा रिकाम्या हाताने परतत. मासा मिळाला नाही, असे ते कधीच कबूल करीत नसत. ‘आज त्यांची सुट्टी होती,’ म्हणत. पुढे त्यांचे गुडघे बोलू लागले आणि काठी कपाटामागे गेली. गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलाने ती बाहेर काढली, तेव्हा तंगूस ज्यांतून धावते त्या कड्या गंजल्या होत्या आणि त्यांना धरून ठेवणारा दोरा कुजला होता. ‘मी करतो दुरुस्त,’ असे मी बोलून बसलो. अण्णांनी नुसते चष्म्यावरून पाहिले.

ज्यांनी अशी काठी हाताळलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. या कड्या दोऱ्याने बांधलेल्या असतात. कडीचे चपटे पाय काठीवर टेकवायचे आणि त्यावर बारीक नायलॉनच्या दोऱ्याचे वेढे एकाला एक खेटून घ्यायचे. शेवटी गाठ मारायची नाही. दोऱ्याचे टोक एका फासात अडकवून वेढ्यांच्याच पोटातून ओढून घ्यायचे. मग या सगळ्यावर इपॉक्सीचा पारदर्शक लेप. दोरा त्यात भिजतो, घट्ट होतो आणि काचेसारखा चमकू लागतो.

माझे वेढे झकास जमले. घात केला तो लेपाने. इपॉक्सीचे राळ आणि हार्डनर हे दोन भाग सम प्रमाणात मोजून घ्यायचे असतात. मी ते आमटीतल्या मिठासारखे अंदाजपंचे घेतले, चहात साखर ढवळावी तसे खळखळून ढवळले आणि भरपूर थापले. वर काठी भिंतीला टेकवून निवांत झोपी गेलो. सकाळी पाहतो तो लेप खाली ओघळून गळवासारखा फुगलेला, आत बुडबुडे, दोन कड्यांवर बोट लावले की चिकटत होते. जिथे माझा खोबरेल तेलाचा हात लागला होता, तिथे लेप बाजूला सरकून गोल खड्डे पडले होते. या खड्ड्यांना इंग्रजीत ‘माशाचे डोळे’ म्हणतात, हे मला नंतर कळले. तलावावरचे मासे नाही तरी त्यांचे डोळे घरी आले होते.

वरून आणखी एक जाड थर देऊन सगळे झाकावे, असा माझा बेत होता. अण्णांचा जन्म फर्निचरच्या पॉलिशमध्ये गेला. ते म्हणाले, ‘‘ओल असलेल्या भिंतीला वरून रंग मारलेला पाहिलायस ना? कोणती चूक नुसती दिसते आणि कोणती दगा देते, ते आधी वेगळं कर.’’

मग आम्ही वाटणी केली. बुडबुडे, फुगवटे आणि खड्डे दिसणारे. लेप पक्का वाळल्यावर फुगवटा दाढीच्या पात्याने आडवा तासला, बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून दोऱ्याला न लागेल असा फिरवला आणि स्पिरिटने पुसले. चिकट राहिलेल्या कड्या मात्र दगा देणाऱ्या. नुसता पृष्ठभाग चिकट असेल, तर नीट मिसळलेला पातळ थर कधी कधी भागवतो. आमचा लेप मात्र आतपर्यंत कच्चा होता. केस वाळवायच्या यंत्राने तो कोमट केला आणि दोरा कापला, तोही कडीच्या लोखंडी पायावरच. पाते थेट काठीवर फिरले, तर पडलेल्या ओरखड्यातूनच पुढे ती मोडते. दोरा सोलून काढला, उरलेली राळ नखाने खरवडली आणि वेढे पुन्हा घातले.

या वेळी दोन सिरिंजांनी सारखे मोजून घेतले, तीन-चार मिनिटे कडा खरवडत सावकाश ढवळले आणि पातळ हात दिला. आता लेप आळेपर्यंत काठी फिरती हवी. हौशी लोक त्यासाठी छोटी मोटर लावतात. आमच्याकडे अण्णा होते. त्यांचे हात हल्ली कापतात. सुईत दोरा ओवता येत नाही, सही बिघडते म्हणून बँकेत जायचेही ते टाळतात. दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडव्या ठेवलेल्या काठीला दर काही मिनिटांनी पाव फेरा देणे मात्र त्या हातांना सहज जमले. चार तास ते बसून होते. मध्ये पवईच्या गोष्टी झाल्या. मी त्या पहिल्यांदाच पुऱ्या ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी लेप आरशासारखा होता. मुठीजवळच्या कडीत एक बुडबुडा तेवढा राहिला होता. मी पाते उचलले, तशी अण्णांनी काठी माझ्या हातातून काढून घेतली.

‘‘राहू दे. त्यानं काठी मोडत नाही.’’

दिवाळीनंतर गावच्या खाडीवर गेलो. नातू आजोबांच्या शेजारी धक्क्यावर बसला होता, काठी दोघांच्या हातात. दुपारी पिशवी रिकामीच परत आली. घरात शिरता शिरता नातवानेच जाहीर केले, ‘‘आज त्यांची सुट्टी होती.’’