पांझरेकाठी खारे पाणी : घरगुती टाकीची निवड

मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा खाऱ्या पाण्याची भ्रांत पडण्याचे त्याच्या चालकांस कारण नव्हते. अरबी समुद्र रस्त्यापलीकडेच होता. खानदेशातील पिंपळनेरच्या रहिवाशाची स्थिती याच्या नेमकी उलट. येथे पांझरा नदी आहे, लाटीपाड्याचे धरण आहे, पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा आहेत. परंतु नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशची जोडी आपल्या बैठकीत पाहण्याची ज्यास हौस आहे, त्यास समुद्र विकतच्या मिठातून, लिटरास सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणाने, स्वहस्ते निर्माण करावा लागतो. हा समुद्र साठवावा कशात, याचा निकाल माशांच्या खरेदीपूर्वी लागला पाहिजे.

नवशिक्याने लहान टाकीपासून आरंभ करावा, हा समज वरकरणी शहाणपणाचा आणि वस्तुतः घातक आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर तीत सुमारे ५७ लिटर पाणी मावते. चार फूट लांब आणि रुंदी-उंची दीड-दीड फूट असलेल्या टाकीत सुमारे २५५ लिटर. हवेस उघडा पृष्ठभाग तिप्पट झाला, पाणी मात्र साडेचारपट वाढले, आणि सारे इंगित या तफावतीत आहे. खानदेशातील वैशाखाच्या उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, मीठ मात्र जागच्या जागी राहते. त्यामुळे लहान टाकीतील क्षारता त्वरेने चढते आणि रोज गोडे, शुद्ध केलेले पाणी घालण्यात एका दिवसाची कुचराई झाली तरी मासे व्याकूळ होतात. पाणी तापण्याचीही हीच गत. माशांच्या मलमूत्रापासून होणाऱ्या अमोनियाचा निचरा करणारे जीवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्यानंतरही एखादा मासा दगडाआड मरून पडला तर थोड्या पाण्यात त्याचे विष फार तीव्र होते.

आकाराविषयीही तारतम्य हवे. पाणी जितके उष्ण व खारट, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि जो विरघळतो तो मुख्यतः पृष्ठभागातूनच. म्हणून शोभेच्या उंच, अरुंद किंवा नळकांडीवजा टाक्या, दुकानदाराने कितीही वाखाणल्या तरी, त्याज्य समजाव्यात. शिवाय पाण्याचा दाब उंचीप्रमाणे वाढतो आणि काच अधिक जाड घ्यावी लागते. दीड फूट उंचीस १२ मिलिमीटर जाडीची साधी काच निर्धास्त. ॲक्रिलिक हलके व पारदर्शक खरे, तारापोरवालात २०१५ साली नूतनीकरणानंतर खुला झालेला बोगदाही त्याचाच होता. परंतु घरी शेवाळ खरवडताना त्यावर चरे उठतात, तेव्हा काचच बरी. सम्पसाठी, म्हणजे टाकीखाली ठेवावयाच्या गाळणीच्या टाकीसाठी, भोक पाडावयाचे असल्यास टफन्ड काच घेऊ नये, ती भोक पाडताना फुटते. आणि वीज गेल्यावर वरच्या टाकीतून जेवढे पाणी खाली उतरेल तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी राखावी. भारनियमनाच्या गावात ही तजवीज न करणाऱ्याची फरशी खाऱ्या पाण्याने भिजणारच.

भाराचा अजमास पुष्कळ जण घेत नाहीत. २५५ लिटर खाऱ्या पाण्याचेच वजन सुमारे २६० किलो. काच, दगड, वाळू मिळून बोजा साडेतीनशेच्या घरात जातो. जुन्या धाब्याच्या घराच्या माडीवर तो चढवू नये. तळमजल्यावर, उन्हाच्या झळीपासून दूर, भिंतीच्या कडेस सपाट जागा पाहावी. घडवंची सागवानी असावी, कारण लोखंडास खाऱ्या पाण्याचा गंज लवकर धरतो, आणि तिच्यावर थर्माकोलचा पत्रा अंथरूनच टाकी बसवावी.

प्रवाळांसाठी खास टाकी घ्यावी काय, असाही प्रश्न येतो. प्रवाळ व समुद्रघोडे यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते विकत घेण्याच्या भरीस पडू नये. निळ्या टँग माशाचा मोहही आवरावा, कारण तो फूटभर वाढतो आणि चार फुटांची टाकी त्यास तुरुंग ठरते.

सारांश, पिंपळनेरच्या हवेत चार फुटी, रुंद व बुटकी काचेची टाकी ही योग्य निवड होय. तिच्याइतकी जागा वा खर्चाची ऐपत नसेल, तर खाऱ्या पाण्याचा नाद सोडून गोड्या पाण्याचे मासे पाळावेत.